महाकंटकाची धडधड

३ मार्च, सोमवार
महाकंटक माझ्याकडे आला! लहानपणी दर रविवारी टीव्हीवरून पृथ्वी गिळायला निघणारा तो पत्र्याच्या डोक्याचा परग्रहावरचा राक्षस. नव्या मालिकेत त्याला पुन्हा भीतिदायक करायचं काम चॅनेलच्या मॅडमनी मला दिलं. ही मालिकाही माझ्या आधीच्या दोन्हींसारखी गडगडली तर पुढचं काँट्रॅक्ट नाही, असंही म्हणाल्या, पण ते सहज, लिफ्टची वाट बघताना. टेन्शन नाही. भीती लिहिणं माझ्या हातचा मळ.

४ मार्च
अडचण एकच. महाकंटकाला आता कुणीच घाबरत नाही. टूथपेस्टवर चित्र आलं तिथेच त्याची रया गेली. आमची पोरगी त्याच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात पेन्सिली ठेवते.
संकल्प: रोज पहाटे उठून लिहिणे.

५ मार्च, सकाळी ९.४०
उठलो.

७ मार्च
जुन्या पोशाखाचं डोकं गोदामातून घरी आणलं. अभ्यासासाठी. पत्रा, दोन लाल बल्ब, तोंडाच्या जागी वॉशिंग मशीनचा पाइप. हसूच आलं. हॉलमध्ये स्टुलावर ठेवलं. बायकोने विचारलं, हे इथेच राहणार का. म्हटलं, नजरेला नजर भिडवल्याशिवाय शत्रू कळत नाही.

८ मार्च, संध्याकाळी
मायलेकी बाजारात. घरात मी आणि ते. मी त्याचं तोंड खिडकीकडे केलं होतं, आता माझ्याकडे आहे. पोरीने फिरवलं असणार. वर चादर टाकली. आता तर कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन बसल्यासारखं वाटतंय. सगळे दिवे लावून जिन्यात उभा राहिलो, तिथे रेंज चांगली येते. शेजारच्या काकांनी विचारलं, किल्ली विसरलात का. हो म्हटलं.

९ मार्च
डोकं बाथरूमवरच्या माळ्यावर टाकलं. हॉलमध्ये धूळ बसते. अंघोळ दार उघडं ठेवून केली. वाफ कोंडते.

१२ मार्च
सुचलं! महाकंटक आरडाओरडा करतो म्हणून हास्यास्पद वाटतो. नवा महाकंटक बोलणारच नाही. तो दिसायच्या आधी काळोखात नुसती त्याच्या काळजाची धडधड ऐकू येईल, जवळजवळ येत जाणारी. दिग्दर्शकाला आवडलं. तो फोनवर होता, पण मान हलवली.

१४ मार्च
साउंडवाल्याने पिंप बडवलं, पाण्याचा पंप लावला, गादीवर बुक्के मारले. पंप पंपासारखाच वाटतो. तेवढ्यात मॅडमचा निरोप: वर या. कशाला, ते नाही. केबिनबाहेर बाकावर बराच वेळ बसलो. तळहातांना घाम. एसी बिघडला असावा. आत गेल्यावर मॅडमनी एवढंच बजावलं की पुढच्या शनिवारी मुलांना पहिला भाग दाखवायचा. पोरं घाबरली नाहीत तर लेखक बदलणार. बरं झालं. डेडलाइन असली की मी खुलतो. उतरताना जिन्याचा कठडा धरून आलो. चपला नव्या आहेत.

१५ मार्च
साउंडवाल्याचा फोन: आवाज सापडला, या. हेडफोन लावले. धड. धड. मग एकदम चार-पाच ठोके एकात एक, मध्ये एक चुकलेला, मग आणखी जोरात. अंगावर काटा आला. हेडफोन काढून फेकले. विचारलं, हे आहे तरी कोण.
"तुम्हीच की," साउंडवाला म्हणाला.
काल सकाळी मालिकेच्या जाहिरातीसाठी माझी मुलाखत घेतली, तेव्हा शर्टाच्या आत लावलेला माइक मी काढलाच नव्हता. तसाच मॅडमकडे गेलो. बाकावरचं सगळं रेकॉर्ड झालं.
घरी येताना उलगडा झाला. माझ्या छातीत एवढं भयंकर काहीतरी आहे! महाकंटक माझ्या आतच दडलाय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवून ये. कलेतलं तिला काही कळत नाही.

१९ मार्च
धडधड आता बाहेरही ऐकू येते. लिफ्टमध्ये, भाजी निवडताना. फोन वाजला की जास्तच. मला भीती वाटते. म्हणजे काम उत्तम झालंय. काळजी आहे ती पोरांची. थिएटरात डॉक्टर ठेवा, असा मॅडमना मेल केला.

२२ मार्च, शनिवार
हॉल पोरांनी भरलेला. मी मागे, शेजारी आमची पोरगी. पुढे मॅडम. दिवे गेले, पडदा काळा, आणि धडधड सुरू झाली. एकही पोर हललं नाही. मी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. जिंकलो, असं वाटलं.
मग पुढून एक चिमुरडी स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, तो खूप घाबरलाय गं."
त्याला कुणीतरी रागावलं असेल, असं दुसऱ्याने सांगितलं. अखेर महाकंटक पडद्यावर आला तेव्हा अख्खा हॉल टाळ्या वाजवून त्याला धीर देत होता. मॅडम मागे वळल्या. पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत राहिल्या.

२३ मार्च, रविवार
काल पुढचं लिहवलं नाही. महाकंटक आता पोरांचा दोस्त होणार. त्यासाठी दुसरा लेखक बघताहेत, एखादा विनोदी. मॅडमनी हे फार गोड शब्दांत सांगितलं. बायकोला अजून सांगितलं नाही.
काल परतताना बसमध्ये पोरीने माझ्या छातीला कान लावला.
"बाबा, हा तोच आवाज आहे."
म्हटलं, जिने भरभर उतरलो ना, म्हणून. ती बरं म्हणाली. आमचा स्टॉप येईपर्यंत तिने कान काढला नाही.