न वापरलेला क्लच

प्रिय अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्नानंतर मी तुमच्यापासून लांब राहिले कुठे? आज लिहितेय, कारण सकाळी बोनकोड्याचा एक माणूस तुमची मोटारसायकल बघायला आला होता. त्याने हँडलचा डावा दांडा दाबून पाहिला आणि विचारलं, "वहिनी, गाडी एवढी जुनी, पन क्लच नवाच कसा? वापरलाच नाय का?" मी नुसती हसले. तो गेल्यावर मात्र राहवेना.

तुमचा डावा हात कारखान्याच्या प्रेसमध्ये सापडला तेव्हा आपली ज्योती बालवाडीत होती. हात वाचला, पण बोटं मिटेनात. पाण्याचा पेला धरवेना. आठवतं, त्यानंतर तुम्ही घराबाहेर पडणंच सोडलंत? वाशीत तेव्हा आपल्या बिल्डिंगभोवती होतं तरी काय? समोर चिखल, पलीकडे खाडी, आणि बस आली तर आली. त्या दोन खोल्यांत तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. मी भांडं वाजू न देता काम करायची.

मी शिवणाच्या वर्गावर शिकवायला जायचे. "ते बंद कर," म्हणालात. केलं. भाजी आणायला उशीर झाला की विचारायचात, "कोण भेटलं?" मी जवळ बसले की चांगल्या हाताने माझा पदर धरून ठेवायचात, सोडायचातच नाही. मला तुमची फार दया यायची आणि त्याच वेळी श्वास कोंडायचा. दोन्ही एकदम होतं, हे तुम्हाला कळत होतं का?

मग एका सकाळी तुम्ही अचानक चपला घातल्यात. "खाली चल. गाडी ढकलायची आहे."

मेकॅनिकने आधी सांगून पाहिलं होतं, क्लचचा दांडा उजवीकडे बसवून देतो म्हणून. तुम्ही साफ नाही म्हणालात. "हात अधू झालाय, गाडी नाही." असा तुमचा हट्ट. न्यूट्रलमध्ये गाडी चालू करायची, मी मागून ढकलायची, जरा वेग आला की तुम्ही पायाने पहिला गिअर घालायचात. गाडी दणका खाऊन पुढे जायची. पुढचे गिअर कसे टाकता, ते जेवताना तुम्ही मला समजावलंत. "पायाने गिअरच्या दांडीवर हलका भार ठेवायचा आणि ॲक्सिलरेटरची मूठ क्षणभर सोडायची. इंजिनावरचा ताण गेला की गिअर आपसूक बसतो. जबरदस्ती केली तर कडाडतो." किती दिवसांनी तुम्ही एवढं बोलत होतात! मी भात वाढायला विसरले.

नव्या सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यांवर तुम्ही शिकलात. कळंबोलीच्या ट्रकअड्ड्यावर फाटक सांभाळायचं काम मिळालं. परतताना तिथला उतार कामाला यायचा. सकाळी मात्र मीच. गाडी सुटायची, तुम्ही निघून जायचात आणि मी रस्त्यात उभी. तुम्ही मोकळे झालात. आणि मी?

शेजारचे जोशी म्हणाले होते, "मी लावतो की हात." तुम्ही म्हणालात, "नको, घरचं माणूस आहे." झालं. मला उरणजवळ मोऱ्याला आईकडे एक रात्र राहता येईना. सकाळी तुम्हाला ढकलणार कोण? आई दर वेळी विचारायची, "आज राहतेस ना गं?" मी संध्याकाळची बस धरायची.

त्या रविवारी जोशींच्या फोनवर माझ्या भावाचा निरोप आला. आईला श्वास लागला होता. दुपारची बस गेली होती. तुम्ही म्हणालात, "उद्या बघू."

मी म्हणाले, "मी चालत जाईन. उद्या तुम्हाला ढकलायला मी नसेन. परवाही नसेन."

लग्नानंतर मी तुम्हाला पहिल्यांदाच असं काही ऐकवलं. तुम्ही उठून चपला घातल्यात. मग म्हणालात, "ज्योतीला जोशींकडे ठेव. साडी वर खोच. पळत बसावं लागेल."

मी ढकललं. बिल्डिंगला वळसा घालून तुम्ही पहिल्या गिअरमध्ये हळू आलात, मी पळाले आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. अख्खी बिल्डिंग बघत होती. उरणच्या रस्त्याला रेल्वेचं फाटक बंद. मी म्हटलं, "थांबा, उतरते, परत ढकलते." तुम्ही म्हणालात, "बसून राहा. आज तुला परत पळायला लावणार नाही." आणि मालगाडी जाईपर्यंत फाटकासमोर गोल गोल फिरत राहिलात. ट्रकवाले हसत होते. मी तुमच्या पाठीला डोकं टेकून रडत होते.

आईने मला ओळखलं. "राहतेस ना?" तिने तेच विचारलं. उत्तर तुम्ही दिलंत. "राहील. हवं तेवढं राहील."

तुम्ही निघालात तेव्हा मी उठायला लागले, तर तुम्ही खुणेनेच बसवलंत. खिडकीतून मी बघत होते. आईच्या शेजारचा कोळी आणि माझा भाऊ गाडीमागे उभे. "दादा, तुमी बसा. आमी हाव ना," कोळी म्हणाला. तुम्ही मान खाली घातलीत आणि त्यांना ढकलू दिलंत. आई त्या आठवड्यात गेली, माझ्या मांडीवर.

मी परतले तेव्हा सकाळी जोशी खाली उभे असायचे. मी शिवणाचा वर्ग पुन्हा धरला. तुमचा राग आणि "कोण भेटलं?" काही पूर्ण गेलं नाही. पण एवढंच होतं, तर आधी का नाही हो हात लावू दिलात कुणाला? इतकी वर्षं मी या प्रश्नाशी भांडतेय, आणि आता भांडायलाही तुम्ही नाही.

ज्योतीला पुण्याला नर्सिंगला जागा मिळालीय. काल तिने सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मग इथे माझं कोण?" ती उठून स्वयंपाकघराकडे वळली. तिचा चेहरा बघितला आणि मला तो ओळखीचा वाटला. तुम्ही "कोण भेटलं?" विचारलंत की मी तसाच चेहरा करून स्वयंपाकघरात जायचे.

तुम्हाला शब्द देते. तिची ट्रंक मी स्वतः भरेन, स्टँडवर सोडायला जाईन, आणि परत कधी येशील हे विचारणार नाही.

तुमच्यावर अजून थोडी रागावलेली,
तुमचीच
सुनंदा