नऊ-नऊचा वाटा

नागोरावदादा,

खुशाली इचारायची होती, पण आधी भांडून घेतो.

काल तुनं फोनवर हसत सांगतलं, "मैना, बाबाच्या जिनिंग कंपनीचा शेअर दोन रुपयांचा वीसले गेला!" गावभर पेढेही वाटले म्हणे. अरे, भाव कायले वाढन? इथं कापसाले कोणी इचारून नाही राह्यलं. कंपनीनं जुन्या दहा शेअरचा एक नवा केला, म्हणून एकाची किंमत दहापट दिसते. माल तेवढाच हाये, गाठोडं बदललं.

आन् ज्याच्यापाशी दहा भरत नाहीत, त्याले नवा शेअरच नाही. पैसे घ्या आन् घरी बसा.

बाबाचे छत्तीस होते. एकाच्या नावावर राह्यले असते तर तीन नवे आले असते. बाबा गेले, मी तवाच म्हटलं होतं. पण तुले वाटणी पाह्यजे होती. चौघा बहीणभावाले नऊ-नऊ. एकेकच कमी पडला, दादा!

पुढच्या महिन्यात दारव्ह्याले कंपनीची सभा हाये. जिनिंगची जागा विकायचं ठरवणार हायेत. बाबा दरवर्षी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उठून भांडत होते. आता आपल्यातल्या एकालेही दारातून आत घेणार नाहीत.

हे पत्र धाडत नाही. गावभर पेढे वाटलेल्या माणसाले कोणत्या तोंडानं सांगू?

फक्त मनातल्या मनात इचारतो: चार वाटे केले, तवा बाबाची ती खुर्ची कोणाच्या वाट्याले टाकली होती?

एका शेअरनं कमी पडलेली तुही बहीण,
मैना