उजवीकडून चढा, वहिनी

प्रिय वन्सं,

अक्षर पाहून दचकू नका, डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि अजून दोन आठवडे तिथेच राहणार. दुकानाच्या पायरीवरून घसरले, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी मावशीवरून पडले. फोनवर खोटं बोलणं फार सोपं जातं, म्हणून आज फोन न करता लिहायला बसले. एकेका ओळीला एवढा वेळ लागतोय की खोटं सुचलं तरी ते लिहीपर्यंत माझाच धीर सुटेल.

तुमचे भाऊ गेल्याला वर्ष झालं, तेव्हा तुम्हीच मला ओढत, तुम्ही घोडेस्वारी शिकवता त्या पागेत नेलंत. मी म्हटलं होतं, अहो, बावन्न वर्षांची बाई, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उभा जन्म चष्म्याच्या दुकानातल्या स्टुलावर गेला, आणि आता घोड्यावर बसू? दुकानातल्या मदतनीस बाई तर म्हणाल्या, "ताई, हे वय चढायचं की उतरायचं?" तुम्ही मात्र शिकाऊ मुलींना दरडावता तसं मला दरडावलंत आणि रिंगणात उभं केलंत. तीन महिने तुमच्या त्या जाड्या, आळशी, शिकवणीच्या घोड्यावर मी गोल गोल फिरले. पहिल्या दिवशी खाली उतरले तेव्हा पाय लटपटत होते आणि मी हसत होते. वर्षभरात मी हसले नव्हते हे मला तेव्हा कळलं. तुमच्याही लक्षात आलं असणार, कारण तुम्ही तोंड फिरवून उगाच खोगिराचा पट्टा पुसत बसलात.

मग मला स्वतःचा घोडा हवासा वाटायला लागला. दुकानामागे एवढं मोठं अंगण रिकामं पडलेलं, पलीकडे नदीपर्यंत जाणारा मातीचा रस्ता. तुम्ही म्हणालात, नवख्या माणसानं घोडा रंगावर घ्यायचा नाही, रुबाबावर तर मुळीच नाही. शांत घ्यायचा आणि रहवाल चालीचा घ्यायचा. रहवाल म्हणजे काय ते तुम्ही दुकानाच्या काउंटरवर चार बोटं वाजवून दाखवलंत. दुडकीत दोन दोन पाय जोडीनं पडतात आणि वरच्याची हाडं खुळखुळतात. रहवालीत चारही पाय एकामागोमाग एक पडतात, म्हणून वरचं माणूस उसळत नाही, पाणी भरलेला पेला हातात धरून बसावं. तुम्ही बोटं वाजवत होता आणि नंबर काढायला आलेले एक आजोबा डोळ्यांवरची चाचणीची फ्रेम तशीच ठेवून ऐकत होते. त्यांनाही घोडा घ्यावासा वाटला असेल.

किती शिकवलंत तुम्ही मला! घोडा आधीच खोगीर घालून उभा ठेवला असेल तर संशय घ्यायचा. तो आपल्यासमोर ठाणातून बाहेर काढायला लावायचा. आधी मालकाला बसवायचं, मग आपण. लगाम सैल सोडून उभं राहता येतं का ते पाहायचं. सोबतच्या घोड्यांपासून एकटा दूर जातो का ते पाहायचं. पहिला तांबडा घोडा पाहायला गेलो तेव्हा मी त्याच्या मानेवर भाळले होते. तुम्ही खोगिराखाली हात घातलात, ओला हात मला दाखवलात आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "सकाळपासून पळवून दमवलाय याला. उद्या ताजातवाना असला की वहिनींना आभाळ दाखवील." मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. परत येताना मला वाटलं, या बाईच्या शेजारी असताना मला कोणी फसवू शकणार नाही. अगदी याच शब्दांत वाटलं होतं, वन्सं.

दुसऱ्याची चाल चांगली होती, पण जोडीदार नजरेआड झाला की तो किंचाळायचा. आणि मग तुम्ही मला तुमच्याच पागेतल्या शेवटच्या ठाणाशी नेलंत. राखाडी रंगाची, पोट थोडं सुटलेली, कपाळावरची झुलपं डाव्या डोळ्यावर आलेली घोडी. सगळी पागा तिला मावशी म्हणते, असं तुम्ही सांगितलंत. तुम्हीच तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेली, बरीच वर्षं शिकवणीला वापरलेली, आता थोडी विश्रांतीवर. लगाम सैल सोडला तर ती चक्क डुलकी घेत उभी राहिली. चाल तर अशी, की पहिल्या फेरीतच मी तुमची चार बोटं ऐकली.

तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी आता रोज आठवते. घोड्यावर डावीकडून चढतात हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पण मावशीच्या वेळी तुम्ही ठोकळा उजव्या बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "उजवीकडून चढा, वहिनी. तुमचा डावा गुडघा नाजूक आहे, त्यावर भार नको." स्वतः मात्र सतत तिच्या डावीकडून चालत होतात, लगामाला हात लावून, तिच्याशी बोलत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ऑपरेशनला सहा वर्षं झाली. माझा गुडघा माझ्या लक्षात राहत नाही, तो या बाईच्या लक्षात आहे, असं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या भावाच्या फोटोशी बोलले. म्हटलं, तुम्ही गेलात, पण माझ्याकडे बघणारं माणूस ठेवून गेलात.

मी विचारलंही होतं. पाय बघितले, दात बघितले, मग मी म्हटलं, आणि डोळे? तुम्ही हसलात आणि म्हणालात, "डोळ्यांचं तुम्ही मला विचारता होय?" मीही हसले. किती सफाईनं निसटलात! खोटं एक अक्षर बोलला नाहीत. आणि मी, तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकून पोट भरणारी बाई, तिथं दुकान कशाला मांडायचं म्हणून गप्प बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पागेचा नियम म्हणून तुम्ही चाळीस दिवसांचा कागद दिलात. पटली नाही तर चाळिसाव्या दिवसापर्यंत परत पाठवायची, त्यानंतर ती कायमची माझी.

पहिले अकरा दिवस मी तुम्हाला फोनवर सांगत होतेच. सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघी नदीपर्यंत जायचो. बाराव्या दिवशी, मागच्या रस्त्यावरच्या एका बाईंनी डाव्या बाजूच्या गच्चीवरून गालिचा झटकला. मावशीला तो दिसलाच नाही, नुसता फाडकन आवाज आला. ती उजवीकडे उसळली आणि मी कुंपणावर पडले. एक सांगते, ती पळाली नाही. तिथेच थरथरत उभी राहिली, आणि माझ्यावर पाय पडू नये म्हणून तिनं एकही पाऊल उचललं नाही. मी तुम्हाला पायरीचं सांगितलं ते त्यामुळेच. तुम्ही तिला परत न्याल आणि ओरडाल असं वाटलं. तुम्ही फोनवर आधी विचारलंत, "मावशी कशी आहे?" आणि मग माझा हात. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पण ती डावीकडची बादली रोज लाथेनं उडवायची. उजवीकडून गाजर दिलं तर ओठांनी अलगद घ्यायची, डावीकडून दिलं तर हाताला लागेपर्यंत तिला पत्ता नसायचा. एके संध्याकाळी दुकानातला लहान टॉर्च घेऊन मी तिची झुलपं बाजूला केली. उजव्या डोळ्यातली आडवी बाहुली उजेडाबरोबर आकसली. डावी हललीसुद्धा नाही. वरून डोळा काचेसारखा स्वच्छ, आत सगळं विझलेलं. मला कळायला एक मिनिट लागलं. तेच मिनिट मी पागेत दिलं असतं तर!

तरीही मी तुमच्यासाठी सबबी शोधल्या. पडताना डोक्याला मार लागून झालं असेल. तुमच्या लक्षात आलं नसेल. शिंगरू असल्यापासून वाढवलेल्या घोडीचा डोळा गेलाय हे तुमच्या लक्षात आलं नसेल, अशी सबब मी आठ दिवस उराशी धरून होते. मग गेल्या आठवड्यात तुमच्याच पागेचा नालबंद नाल बदलायला आला. येताना डाव्या बाजूनं "आलो गं मावशे, आलो" असं ओरडतच आला. मी विचारलं, एवढा आरडाओरडा कशाला? तर म्हणाला, "मग काय करू? दोन वर्षं झाली, त्या अंगानं दिसत नाही तिला. बाईंनी सांगितलं नाही?"

आणि मग तो बोलतच राहिला बिचारा, पाय मांडीवर धरून, नाल घासत. पागेच्या मालकांनी ठरवलं होतं की उपयोग नसलेलं जनावर पागेत नको, महिन्याभरात तिला कसायाकडे जाणाऱ्या मोडीच्या गाडीत घालायचं. तुम्ही बारा जणांकडे गेलात. बाराही जणांना डोळ्याचं स्पष्ट सांगितलंत, कारण तुम्ही घोड्याच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाही, सगळीकडे तुमचा तोच लौकिक आहे. बाराही जण नाही म्हणाले. तेरावी मी.

वन्सं, बारा परक्यांना तुम्ही खरं सांगितलंत. घरच्या माणसाचा तेवढा केसानं गळा कापलात. मी वर बसून डोळे मिटून वारा अंगावर घेत होते, आणि तुम्हाला ठाऊक होतं की माझ्या डाव्या अंगाला काळोख आहे. माझी मान मोडली असती तर? तुम्ही माझ्यासाठी घोडी निवडली नाहीत, घोडीसाठी मला निवडलंत. हात मोडल्याचा मला राग नाही. तो गुडघा मात्र मी विसरू शकत नाही. माझ्या दुखऱ्या जागेची आठवण ठेवलीत, ती तिची दुखरी जागा झाकायला.

आणि हे तुमच्या घराण्यात पहिल्यांदा झालेलं नाही. तुमच्या भावाच्या छातीतलं दुखणं त्यांना आठ महिने ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक होतं, आणि त्यांच्याच शेजारी रोज जेवणाऱ्या मला ते दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा बाकावर बसून तुम्ही माझे दोन्ही हात धरले होते. म्हणाला होतात, त्यांनी शपथ घातली होती वहिनी, पण आता पुन्हा कधी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मी तुम्हाला त्या दिवशी माफ केलं. पुढचं सगळं वर्ष मी त्या एका वाक्यावर काढलं.

तुम्ही म्हणाल, खरं सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का? नुसतं तुमच्याकडे बोट दाखवून मला मोकळं होता येत नाही, म्हणून मीही या प्रश्नावर बरेच दिवस काढले. नसती घेतली. बावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं, एका डोळ्याची घोडी? तेरावा नकार माझाच असता, आणि मावशी त्या गाडीतून गेली असती. तुमचा हिशोब बरोबर होता, आणि म्हणूनच माझा राग कुठे ठेवावा ते मला कळत नाही. पण मला नाही म्हणायची संधी तरी द्यायला हवी होतीत. रडला असतात, भांडला असतात, माझ्या दारात धरणं धरलं असतंत. कदाचित मी बदललेही असते. ते आता आपल्या दोघींनाही कधी कळणार नाही.

आज एकोणचाळिसावा दिवस. चार दिवसांत तुमचे सात फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. तुम्हाला काय विचारायचं आहे ते मला माहीत आहे, आणि ते माझ्या हाताबद्दल नाही. म्हणून हे पत्र. मदतनीस बाई आजच्या आज ते तुमच्या हातात देतील. उद्या पागेची गाडी पाठवू नका, ती रिकामी परत जाईल. कागदावर मी सही केली आहे, डाव्या हाताची आहे, पण माझी आहे. मावशी इथेच राहील. बादली आता उजवीकडे ठेवते, झुलपं कापून टाकली आहेत, आणि मी तिच्या डावीकडून बोलत जायला शिकले आहे. प्लास्टर निघालं की पुन्हा बसेन. या वेळी डावीकडून चढेन, तिला आधी सांगून. रस्त्यावरून तुमच्या स्कूटरसारख्या आवाजाची एखादी स्कूटर गेली की ती अजून खाणं सोडून उजवा डोळा फाटकाकडे करते आणि बराच वेळ तशीच उभी राहते. मला ते बघवत नाही. तिला भेटायला या. फाटकाची किल्ली पाण्याच्या पिंपामागे ठेवते. बुधवारी मी दिवसभर बाहेरगावी असते, लेन्स आणायला जाते. बुधवारीच या.

अजूनही तुमचीच,
वहिनी