पाणी न शिरणारे बूट

१२ जून, गुरुवार
यशराज दोन दिवस राहून आज सांगलीला परत गेला. जाताना चहाचा कप खाली ठेवत बोललाच. हे गेल्यापासून मी बाहेर पडत नाही. भाजी दारात, औषधे दारात, गॅस दारात. असे राहून माणूस खुळा होतो म्हणे. विश्रामबागला त्यांच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक खोली रिकामी केली आहे. सूनबाईने, संयोगिताने, पडदेसुद्धा लावले. म्हणजे साताऱ्याचे घर बंद करायचे, मग पुढे विकायचे. विकायचे असे तो म्हणाला नाही. पडदे म्हणाला.
मी सांगितले, बाहेर पडत नाही हे खोटे आहे. पावसात पडत नाही, कारण चपलेत पाणी जाते. उन्हाळ्यात का नाही पडलीस, असे त्याने विचारले. उन्हाळ्यात ऊन होते.
शेवटी ठरले. गणपतीपर्यंत मुदत. मी रोज एकटीने बाहेर चालून दाखवायचे. जमले तर खुशाल साताऱ्यात राहायचे. नाही जमले तर गणपतीला सांगलीत, आणि नंतरही.
अगदी सोपे आहे. चांगले वॉटरप्रूफ बूट आणले की झाले.

१३ जून, शुक्रवार
मोबाइलवर बूट शोधायला बसले. वापरलेल्या लोकांनी खाली मते लिहिलेली असतात. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचे सगळे वाचून. हे सीमेवर असायचे तेव्हा वाचनालयाची कपाटे मी एका कडेने वाचत गेले. त्यामुळे काहीही अर्धवट सोडायची सवय नाही. सगळी मते वाचली.
नागपूरचे एक गृहस्थ लिहितात, बूट आठवड्यात उकलले. नाशिकच्या एक बाई लिहितात, माझ्या मिस्टरांना फार आवडले. त्यांना स्वतःला बूट मिळाले की नाही, ते लिहिलेले नाही. दिवसभर त्या बाईंचाच विचार मनात.
चालणे सोमवारपासून.

१७ जून, मंगळवार
सोमवारी पाऊस फार होता. आज पाऊस नव्हता, पण बूटही नव्हते.
खाली भाड्याने राहणारी सुगराबी सकाळी जिन्यातून हाक मारते. शिलाई मशीनवर बसून तिची कंबर धरते, म्हणून ती पार राजवाड्यापर्यंत जाऊन येते. पायात रबरी चप्पल, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. मी तिला समजावले की रबरी चपलेला ग्रिप नसते. ती म्हणाली, "वैनी, तुमी ग्रिप घिऊन बसा, मी जाऊन येते." आणि गेलीसुद्धा.
घरात बसवत नाही. उठले, गॅलरीत गेले, परत आले. एकाच पातेल्यात दोनदा दूध तापवले.

२४ जून, मंगळवार
बूट आले. निळे. पायाला बरोबर.
पण विश्वास ठेवायचा कसा? नवी घागर घेतली की आपण पाणी भरून ठेवतो आणि खाली ओल येते का बघतो. बुटाला वेगळा नियम कशाला? दोन्ही बूट काठोकाठ भरून गॅलरीतल्या फरशीवर ठेवले.

२५ जून, बुधवार
फरशी ठणठणीत कोरडी. एक थेंब बाहेर नाही. कंपनी खरे बोलते. यशराजला फोन करून सांगितले की बूट पास झाले. तो म्हणाला, शाब्बास.
पाणी ओतून दिले. वाळले की निघायचे.

१ जुलै, मंगळवार
वाळत नाहीत. जे पाणी बाहेरून आत येऊ देत नाही ते आतून बाहेर तरी कसे सोडणार? हे आधी लक्षात यायला हवे होते. कंपनीच्या लक्षात, असे म्हणते मी.
वर्तमानपत्र कोंबले. पंख्याखाली ठेवले. चुलीच्या काळात हा प्रश्नच आला नसता. वास येतो आहे. आज चालणे अर्थातच नाही.

५ जुलै, शनिवार
बूट परत न्यायला माणूस आला. आत हात घालून म्हणाला, हे तर वापरलेत. मी सांगितले, अजिबात नाही, मी फक्त पाणी भरले होते. त्याने माझ्याकडे पाहिले. मग मोबाइलवर काहीतरी दाबले आणि बूट इथेच ठेवून गेला. शिक्षण कमी पडते लोकांचे.
बूट गॅलरीत आहेत. त्यात सुगराबी कोरफड लावू या म्हणते.

९ जुलै, बुधवार
आता बूट दुकानातूनच घ्यायचे. रिक्षाने गेले. चालायचे बूट आणायला चालत जाणे शक्य नव्हते, कारण बूटच नव्हते.
दुकानदाराने विचारले, मावशी, वॉटरप्रूफ पाहिजेत का वॉटर रेझिस्टंट? दोन्हींत फरक काय, मी विचारले. तो म्हणाला, एक महाग असतो. प्रामाणिक माणूस वाटला.
तासभर घालून बघितले. उंच घेतले तर साडीचा काठ त्यात अडकतो. बुटके घेतले तर भिजलेल्या काठाचे पाणी निथळून वरून आत येणार. तो म्हणाला, पंजाबी ड्रेस घाला की. मी म्हटले, बूट विकतोस ते वीक. शेवटी करड्या रंगाचे, मध्यम उंचीचे घेतले. पावसाळाभर साडी चार बोटे वर नेसायची. ह्यांनी पाहिले असते तर परेड म्हणाले असते.
ते हसायचे फार कमी. पण परेड म्हणताना हसले असते.

१२ जुलै, शनिवार
नवे बूट एकदम बाहेर घालू नयेत, पाय सोलतात. आधी घरात घालून मऊ करावेत, असे एका ठिकाणी वाचले. घरात पादत्राण घालायची ही माझी पहिलीच वेळ. पण ह्या बुटांनी अजून रस्ता पाहिलेला नाही, म्हणजे तसे सोवळेच. देवघराच्या बाजूला वळत नाही.
स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. उत्तम चालले. पायांना हुरूप आला आहे. थांबावेसे वाटत नाही, बसावेसेही वाटत नाही.

१५ जुलै, मंगळवार
एक अडचण. बूट एकदा रस्त्यावर नेले की मग घरात घालता येणार नाहीत. आणि घरातले चालणे आता कुठे बसते आहे. घाई करून चालणार नाही.
यशराजने फोनवर सांगून मोबाइलमध्ये काहीतरी चालू करून घेतले. किती पावले चालले ते त्यात मोजले जाते आणि त्याला सांगलीत दिसते. म्हणाला, म्हणजे तुला रोज सांगत बसायला नको.

१६ जुलै, बुधवार
घरातली पावले फारच थोडी भरली. यशराजचा लगेच फोन, तब्येत बरी आहे ना.

१७ जुलै, गुरुवार
सुगराबी चालायला निघाली होती. मोबाइल तिच्या पिशवीत घातला. यात फसवणूक काही नाही. बूट मऊ होईपर्यंतची ही तात्पुरती व्यवस्था आहे. तीही म्हणाली, चालू दे, मला तर जायाचंच हाय.
संध्याकाळी यशराजचा फोन. आवाज इतका हलका मी ह्यांच्या आजारपणानंतर पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, आई, लय बरं वाटलं बघ.
मलाही बरे वाटले. जवळजवळ चालून आल्यासारखे.

२२ जुलै, मंगळवार
पावले वाढत आहेत. सुगराबीचा हात मोकळा असला की ती लांब जाते. संयोगिताने आपल्या भिशीत माझे उदाहरण दिले म्हणे.
मी मोबाइल नसताना सकाळचा वेळ ह्यांच्या खुर्चीत बसून काढते. बूट घातलेले असतात. तयारी सोडायची नाही.

२८ जुलै, सोमवार
मोठा घोळ झाला. सुगराबी सकाळी तशीच बहिणीकडे औंधला गेली, मोबाइल पिशवीतच. मी दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत. संध्याकाळी आल्यावर तिने सांगितले की यशराजचा फोन आला होता आणि तिने उचलला. काय सांगितलंस, मी विचारले. ती म्हणाली, "म्हटलं, आमी औंधला आलोय, वैनी यमाईचा डोंगर चढाय गेल्यात, फोन माझ्याकडं दिलाय."
फोन तिच्याकडे असेल तर डोंगराची पावले कशी मोजली, हे यशराजला विचारायला सुचू नये म्हणून देवाला हात जोडले. बूट काढून.
त्याला सुचले नाही. बहिणीच्या शेतात फिरून सुगराबीची पावलेही डोंगराएवढी भरली होती. तो रडवेला होऊन बोलत होता. पप्पा असते तर त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगितले असते, म्हणाला. मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?
आता यशराज दहा तारखेला येतो आहे. मला सांगलीला न्यायला नव्हे, माझ्यासोबत चालायला. घराचा विषय संपला, असेच तो म्हणाला.
म्हणजे मी जिंकले. तेवढे एकदा चालायचे फक्त.

२ ऑगस्ट, शनिवार
सराव उद्यापासून नक्की. बूट मऊ झाले आहेत, नाही म्हणता येणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार
फाटकापर्यंत गेले. नाडी सुटली. नाडी नीट बांधता येणे फार महत्त्वाचे, म्हणून परत येऊन दुपारभर गाठी मारल्या. ह्यांची मिलिटरीची गाठ काही जमत नाही. कशी मारायचे, मी कधी पाहिलेच नाही.

१० ऑगस्ट, रविवार
लिहावे की नाही असे होते. लिहिते.
यशराज आला, चहा झाला, निघालो. वाचनालयात जाऊ म्हणाला, मी दर शनिवारी ह्यांच्याबरोबर पुस्तक बदलायला जायचे तिथे. पाऊस चांगला होता. गल्लीत डबकी होती आणि मी मुद्दाम त्यांतून गेले. पाय कोरडे. यशराजला तसे सांगितलेही. तो खूश होता.
नाक्यावर आलो. वाचनालय रस्त्यापलीकडे. त्याचा फोन वाजला, बोलत बोलत तो ओलांडून गेला. मी येतेच आहे असे त्याला वाटले.
मी अलीकडे उभी राहिले.
हे रस्ता ओलांडताना हात वर करायचे, मिलिटरीत गाड्या थांबवतात तसा. ट्रक थांबायचा, एसटी थांबायची. मी त्यांच्या मागून. इतक्या वर्षांत मी गाड्या पाहिल्याच नाहीत, त्यांची पाठ पाहिली. पाठ निघाली की निघायचे, थांबली की थांबायचे. आता समोर नुसत्या गाड्या होत्या.
एक सिक्स सीटरवाला थांबला आणि हाताने खूण करून म्हणाला, जावा मावशी. मी त्याला म्हटले, तुम्ही जावा. तो गेला. मागचा टेम्पोही थांबला. त्यालाही पुढे जाऊ दिले.
यशराजने पलीकडून वळून पाहिले. मध्ये एसटी आली, गेली, तरी मी तिथेच. मग तो परत आला. ओरडेल असे वाटले होते. अगदी हळू विचारले त्याने, "आई, तू रोज कुठनं ओलांडतीस गं?"
मी म्हटले, बूट नवे आहेत.
त्याने बुटांकडे पाहिले. माझ्या हातातली पुस्तकाची पिशवी घेतली आणि आम्ही घराकडे वळलो. पिशवी काही जड नव्हती.
जिन्यात सुगराबी भेटली. यशराजने तिला नमस्कार केला आणि म्हणाला, मावशी, तुमची तब्येत एकदम फिट हाय. ती पदराने तोंड पुसत आत गेली. मलाही काही बोलला असता तर बरे झाले असते, उत्तर देता आले असते. उत्तर तयार होते. बुटांचे तळवे ओल्या रस्त्यावर चिकटतात.

२३ ऑगस्ट, शनिवार
गणपतीपुरती सांगलीला जाते आहे. घर बंद करत नाही, कुलूप लावते आहे. किल्ली सुगराबीकडे. ती म्हणाली, वैनी, मी हात धरून नेलं असतं की, एकदा म्हणायचं तरी. मी म्हटले, हाताचा प्रश्न नव्हता, बुटांचा होता. ती बरं म्हणाली आणि माझी बॅग रिक्षात ठेवून दिली.
ह्यांची खुर्ची भिंतीकडे सरकवली, पाऊस खिडकीतून आत येतो म्हणून.

१० सप्टेंबर, बुधवार
गणपती होऊन गेले. एवढ्या पावसात परत कुठे जातेस, असे संयोगिता म्हणते. पडदे चांगले आहेत.
सांगली सपाट. चालण्याला आदर्श. बिल्डिंगच्या खाली मोठे पार्किंग आहे, वर स्लॅब. यशराजने सुचवले, आई, इथेच चाल, पाऊस लागत नाही, ओलांडायचेही काही नाही. रोज सकाळी बूट घालून उतरते. खांबांना वळसे घालत चालते. पुढे कुणाची पाठ नसते, खांब असतात. खांब थांबलेलेच असतात, तरी कधी कधी मीही थांबते.
बुटांना इथे अजून ओल लागलेली नाही. फार टिकतील.
वॉचमन अर्जुना गेटपाशी खुर्ची टाकून बसतो. आज म्हणाला, आजी, बूट लय भारी हायत, कुठं निघालाय?
मी सांगितले, पाऊस थांबला की निघणार आहे.