बादलीचं एक मत

रवि., ८ नोव्हें.
उपासनेनंतरच्या सूचना आमच्या ह्यांनीच वाचल्या. चर्चच्या मंडळीचे वडील, एल्डर ना! नाताळच्या गाण्यांचा सराव, शनिवारी हॉल धुणं, आणि शेवटी: पोटनिवडणुकीत सगळ्यांनी एकदिलानं आपल्या भागाच्या पुढाऱ्याला, साहेबांनाच मत द्यायचं, एकही फुटता कामा नये. पाळकसाहेब खाली बघत होते. आमेन मात्र दणक्यात झालं. मी पेटीमागे, पुढच्या गीताचा सूर धरून.
कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या नाताळात बाहेरची काही पोरं आमच्या गिरणीवरच्या हॉलचा जिना चढून आली. मोबाइल धरून एकेकाचं तोंड टिपलं, धर्मांतर धर्मांतर म्हणून ओरडली, मंडळीतल्या दीनाकाकांचा हात पिरगळला. साहेबांनी एक फोन केला तेव्हा कुठे पोलीस आले. ती पोरं ज्या पक्षाची, तो समोर उभा. म्हणजे उरले साहेबच.
पण तळ्याकाठच्या शेड साहेबांनीच पाडल्या. त्यात यल्लव्वाची होती. आमचा हॉल झाडते, उपासनेला मागच्या सतरंजीवर बसते. आता पुलाखाली राहते म्हणे. एकदिलानं!

बुध., ११
दीनाकाकांकडे घरप्रार्थना. चहाच्या वेळी मी बोलून बसले: जयक्काला मत देणार.
जयक्का म्हणजे रिटायर्ड मास्तरीण. अपक्ष उभी आहे, चिन्ह बादली. शेड पाडताना जेसीबीपुढे ही एकटीच उभी होती.
दीनाकाका म्हणाले, "बाई, ती पडणार. तिला मत देणं म्हणजे त्या पोरांना आपण होऊन जिना दाखवणं."
"पडणाऱ्याला देऊ नये असं शास्त्रात कुठं आहे का काका?"
माझा आवाज चढला होता. पाळकसाहेब विरघळलेली साखर ढवळत राहिले.
यशवंतपूरच्या बसस्टॉपपर्यंत हे दोन पावलं पुढेच चालले. मग, "जीभ आवर की जरा. मार आपल्या माणसांना खावा लागतोय."
खरं आहे ते. म्हणूनच जास्त राग आला.

शनि., १४
हॉल धूत होतो. साहेबांचा माणूस, रवी, बूट घालून ओल्या फरशीवर आला. माझ्या हातातल्या बादलीकडे बघून हसला. "काय अक्का, बादली जोरात आहे म्हणे तुमच्यात!"
कोणी सांगितलं ह्याला? बुधवारी तिथं सगळी आपलीच माणसं होती. एकेकाचं तोंड आठवून बघते आहे आणि स्वतःचीच लाज वाटते आहे.
जाताना म्हणाला, "कोणत्या बूथवर कोणाला किती, सगळं येतं आमच्याकडे. सरी अक्का, बर्तीनी." बरं, येतो, असं अगदी गोड आवाजात. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
तेव्हापासून गिरणीचा पट्टा सुरू झाला तरी दचकते.

सोम., १६
शाळेत शिकवताना लक्ष नाही. प्रार्थनेला बसले तर प्रभूऐवजी जिनाच दिसतो. ती पोरं परत आली आणि साहेबांनी फोन उचलला नाही तर? माझ्या एका मतापायी एखाद्या लेकराला लागलं तर? विवेक विवेक म्हणते मी, त्यात हट्ट किती आणि विवेक किती, देवच जाणे.
ह्यांना म्हटलं, तुम्ही म्हणता तसंच करीन. ह्यांनी नुसती मान हलवली.

बुध., १८
मतदान. शाळेच्या गेटबाहेर रवी. "अक्का, नम्म साहेब्रन्न मरीबेडी." म्हणजे विसरू नका. विसरू देतोय कोण!
आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी. बादली खाली, शेवटच्या ओळींत. दिसली. बोट तिथपर्यंत गेलंसुद्धा.
मग साहेबांसमोरचं दाबलं.
काचेमागे चिठ्ठी आली, त्यांचं चिन्ह दिसलं, पडली. केवढ्यांदा वाजतं ते यंत्र. भित्री. भित्री. भित्री.
हे माझ्यामागे होते. बाहेर आले ते घामाघूम. मी विचारलं नाही, त्यांनीही नाही.

सोम., २३
निकाल लागला. साहेब भरघोस मतांनी आले. दुपारी दीनाकाकांचा फोन, ह्यांना नाही, मला. आवाज अगदी थंड. "आपल्या बूथवर बादलीला एक मत पडलंय. एकच."
मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.
एक. आणि ते माझं नाही!

मंगळ., २४
दीनाकाका घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "साहेबांना मताचं काही नाही, शब्दाचं लागलंय. सगळी मंडळी तुमची, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. रविवारी ते आभार मानायला उपासनेला येतायत. संपल्यावर उभी राहा. चुकून दाबलं गेलं म्हण, माफी माग. विषय संपला."
"आणि नाही मागितली तर?"
"नाताळ महिन्यावर आलाय. बंदोबस्त कोणाकडं मागायचा, तू सांग."
'ते मी नव्हे' एवढं म्हटलं की सुटले असते. पेत्रानं प्रभूला नाकारताना तीनदा म्हटलं ते खोटं होतं, माझं तर खरं आहे. तरी तोंडातून निघेना. मी नव्हे म्हटलं की दुसऱ्याला शोधणार. ज्याला माझ्याहून जास्त छाती होती, त्याला.
हे खिडकीशी उभे होते, पाठ करून.

गुरु., २६
दुकानात दोघी जणींनी मला बघून पाठ फिरवली. सरावाला पाळकसाहेबांनी पेटी दुसऱ्या कोणाला द्यायची का, असं चाचरत विचारलं. भीती वाटते, आणि जे केलंच नाही त्याचा मोठेपणा मिळतोय म्हणून शरमही वाटते. यल्लव्वानं आज जिन्यात माझा हात धरला. तिलाही वाटतंय, ते मत माझंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्र., २७
सकाळी नळाला कावेरीचं पाणी आलं. हे नळाशी बसून भरत होते. राहवेना, म्हटलं, "ऐका, ते मत माझं नव्हतं. मी भ्याले."
"माहीत आहे."
"तुम्हाला कसं..."
नळ बंद केला. वर बघेनात. तेव्हा कळलं.
आधी संतापच आला. सूचना वाचली कोणी? जीभ आवर म्हणालं कोण? मला भित्री करून स्वतः शूर झालात? बरंच बोलले. ऐकून घेतलं.
मग म्हणाले, "तू पेटीमागे होतीस, तुला दिसलं नसणार. मी ते वाचल्यावर सगळ्यात आधी आमेन कोण म्हणालं? यल्लव्वा म्हणाली. जिची शेड त्यांनी पाडली, ती."
माझं रडू थांबेना. ह्यांचे हात ओलेच होते, तसेच माझ्या डोक्यावर ठेवले.

शनि., २८
मी म्हटलं, माझ्याच नावावर राहू दे, मी उभी राहीन. तुमचं नाव निघालं तर मंडळीचे दोन तुकडे होतील. हे म्हणाले, नाही. नाहीच्या पुढे काही नाही. जेवण तसंच राहिलं. दोघंही भ्यालोय आणि दोघंही दुसऱ्याला वाचवतोय, असला संसार!

रवि., २९
ह्यांनी प्रभुभोजनाला घालतात तो कोट बाहेर काढलाय. कोण उभं राहणार, उभं राहून काय म्हणणार, काहीच ठरलेलं नाही.
रवी सकाळपासून दोनदा गल्लीतून गेला.
साहेब पुढच्या खुर्चीत असतील, यल्लव्वा मागच्या सतरंजीवर. माफी साहेबांची मागायची, पण ऐकणार ती: तिच्या बाजूनं पडलेलं एकुलतं मत चुकून पडलं म्हणून. हे आत्तापर्यंत डोक्यात कसं आलं नाही?
गीतांचं पुस्तक पिशवीत घातलंय. हे दारात उभे आहेत, चल म्हणतायत.