परतावा कोणत्या नावावर

इंदिरानगर, नाशिक
शनिवार

प्रिय मनीषा,

रोज फोनवर बोलतो, तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. उद्या हर्षल बहिणीला आणि भाच्याला बघायला मनमाडला येतोय, त्याच्याजवळ हे देतो. पाकिटात दोन अर्जही आहेत, पण ते मागाहून उघड. इथली खुशाली म्हणजे वरण मला आता बऱ्यापैकी जमतं. भाताचं मात्र विचारू नकोस. परवाचा भात शेजारच्या मांजरानेही हुंगून सोडून दिला. तृप्तीला म्हणावं, तुझी आई महिनाभर ठेवून घेतलीस, आता बाप वाळला तर तक्रार करू नकोस.

तुझ्या परताव्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो, ते आधी सांगून टाकतो. गेल्या हंगामात पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउससाठी त्यांच्या बागांत तू बायकांना द्राक्षाचे घड विरळायला शिकवलंस, त्याचे एक लाख वीस हजार ठरले आणि त्यातले बारा हजार टीडीएस म्हणून कापून घेतले. दुसरी कुणी असती तर कुरकुरली असती. तू मात्र तो कपातीचा कागद सोसायटीभर दाखवून आलीस. म्हणालीस, शेतात राबणाऱ्या बाईचा कर कोण कापतं, मी आता सल्लागार झालेय म्हणून कापला. पैसे गेल्याने एवढं खूश झालेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. तुझं उत्पन्न करात बसत नाही, म्हणून आपल्या कर सल्लागाराने, ज्ञानेशने, विवरणपत्र भरलं आणि सगळे बारा हजार परत येतील असं सांगितलं. त्यातून नातवाला चांदीचे वाळे करायचे, हेही तू ठरवून ठेवलंस. तू विचारतेस तेव्हा मी सांगतो, सरकारी काम आहे, वेळ लागतो. खरं म्हणजे परतावा दोन महिन्यांपूर्वीच मंजूर झाला. फक्त तो तुझ्या खात्यात जमा होईना.

कारण पॅन आणि आधार दोन्ही तुझ्या दहावीच्या दाखल्यावरून काढलेली. त्यांवर तू नवसा मोतीराम गायधनी आहेस. बँकेतलं खातं लग्नाच्या वर्षी मी उघडलेलं, तिथे तू मनीषा सोमनाथ निरगुडे. पॅकहाउसचे पैसे त्याच खात्यात बिनबोभाट आले, पण आयकरवाल्यांना ही दोन माणसं वेगवेगळी वाटतात. ज्ञानेश म्हणाला, 'काका, अवघड काही नाही. एकतर बँकेत नवसा करून घ्या, नाहीतर पॅन-आधारवर मनीषा लावा. काकूंचं कोणतं नाव ठेवायचं तेवढं सांगा.' मनीषा हेच माझ्या तोंडाशी आलं होतं, पण या वेळी तुला न विचारता सांगवेना, म्हणून तसाच उठून घरी आलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने मनीषा लिहिलं, तेव्हा तुला कुणी काही विचारलं नव्हतं. तू ते वाचलंस आणि पदर सावरलास, बस. हर्षलच्या बारशाला तुझे वडील आले, सवयीने त्यांनी नवसा अशी हाक मारली आणि चार बायका हसल्या. त्या दिवशी तू मला विचारलंस, माझं नाव का बदललं. मी म्हणालो, आईची इच्छा होती. एवढं बोलून मी मोकळा झालो. तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. आईचं सगळं केलंस, शेवटच्या आजारपणात तिला लहान मुलासारखं जपलंस, पण तुझ्या मनातली ती अढी काही गेली नाही. आई तुला कायम 'पोरी' म्हणायची. तुला वाटायचं, नाव बदलूनही ही बाई मला नावाने हाक मारत नाही, एवढीही माझी किंमत नाही.

मनीषा हे नाव आईने दिलं नव्हतं. ती तर आदल्या रात्री माझ्याशी भांडली होती. म्हणाली, 'नवसाची पोर हाय ती, बापानं देवीपाशी मागून घेतलेली. तिचं नाव कशापायी मोडतो रं?' मला कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. सातपूरच्या मित्रांपुढे बायकोचं नाव नवसा सांगायची मला लाज वाटत होती. खरं कारण एवढंच, आणि ते लिहितानाही लाज वाटते आहे. आईने मनीषा हे नाव कधी तोंडात घेतलं नाही, कारण ते तिला मान्यच नव्हतं. आणि जुन्या नावाने हाक मारली तर घरात मी चिडायचो. म्हणून ती पोरी म्हणायची. खापर तिच्यावर फोडून मी तीस वर्षं तुझ्या हातचं सुखाने जेवलो.

पाकिटातला एक अर्ज बँकेचा आहे आणि एक पॅनचा. आधारचं मग ज्ञानेश बघेल. दोन्हींत नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. तुला हवा तो भर, दुसरा फाडून टाक. तू नवसा लिहिलंस तर मला या वयात हाक मारायला शिकावं लागेल, चार वेळा चुकेन, तू सांभाळून घे. वाळे कुठल्याही नावाने आले तरी बाळाच्या पायात बसतील. फक्त सही करण्याआधी आईला माफ कर, तिचा त्यात काहीच गुन्हा नव्हता. मला सावकाश केलंस तरी चालेल.

तुझाच,
सोमनाथ