दहावा शब्द

बाबा, गुरुवारी अष्टमी गावातल्या आपल्या सिनेगॉगमध्ये माणसं मोजायला माझं बोट आपोआप वर झालं आणि मी ते पदराखाली दाबलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा धाक काही जात नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. बायकांच्या माळ्यावरून खालच्या पुरुषांकडे बोट करत एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत होते. घरी आल्यावर तुम्ही थेट स्वयंपाकघरात आलात. आई मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे भिजवत होती. "माणसं काय नारळ हायत? अशी मोजायची नसतात गो," म्हणालात. मी रडवेली झाल्यावर जवळ बसलात आणि खोबरं किसता किसता ते हिब्रू वचन शिकवलंत. शब्द दहा, एका पुरुषावर एक शब्द, कारण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. वचन पुरं झालं तरच कपाट उघडायचं आणि आपल्या धर्मग्रंथाची, तोराची गुंडाळी बाहेर काढायची. कधी कधी नऊच पुरुष जमायचे. मग तुम्ही दारात उभे राहून रोह्याच्या पुलाकडे बघत राहायचात, पेणहून येणाऱ्या एका माणसासाठी. तो आला नाही की "आज नाय उघडायचं," एवढंच म्हणून आत यायचात. तुमचा तो चेहरा माळ्यावरून दिसायचा. मी इथे असताना मला मोजणीत कोणी धरतच नाही, याचा फार राग यायचा. अजून येतो.

आता आपली बहुतेक घरं इस्रायलला गेली, काही ठाण्याला. कपाट कित्येक वर्षं बंदच होतं. किल्ली शेजारच्या भाईजानांकडे असते, झाडलोटही तेच करून घेतात. पण तुमच्या नातीने, माझ्या पुतणीने, हट्ट धरला की तिच्या मुलीचं नाव इथेच ठेवायचं. "ठाण्यात सगळं आहे आत्या, पण आजोबा जिथे वाचायचे ती जागा नाही," म्हणाली. नाव गुंडाळीसमोर ठेवायचं, म्हणजे दहा जण हवेत. महिनाभर फोन करून जुळवले. आणि गुरुवारी सकाळी दहाव्या माणसाचा पेणहून निरोप आला, ताप भरलाय. भाईजान दारातूनच म्हणाले, "मला धरा की! मी तर रोजच हाय इथं." सगळे हसले. पुतणी मात्र बाळाला घट्ट धरून माझ्याशेजारी बसली होती. तिचे डोळे भरले होते.

तुमच्यानंतर सिनेगॉगचे मुकादम, म्हणजे कारभारी झालेले काका उभे राहिले. तुमच्यापेक्षाही कडक माणूस. एकेकाकडे बघत त्यांनी वचन म्हटलं आणि नवव्या शब्दावर थांबले. मग त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ माळ्याकडे बघत राहिले. "खाली ये गो," म्हणाले. ठाण्याहून आलेला एक जण पुटपुटला, "काका, हे चालत नाही आपल्यात." काका म्हणाले, "नाय चालत. म्हणून तर एवढेच उरलो." मी पदर सावरत जिना उतरले. काकांनी माझ्याकडे बघून शेवटचा शब्द म्हटला आणि कपाट उघडलं. गुंडाळीची चांदीची घुंगरं वाजली तशी बाळ दचकून रडायला लागलं, आणि तिला तुमच्या आईचं नाव मिळालं. मलिद्याचं पहिलं ताट भाईजानांकडे गेलं. जाताना पुतणी म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. तो कुरकुरणारा माणूसही येतो म्हणालाय.

तुम्हाला हे पटलं असतं का, मला खरंच माहीत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. काकांनी मान उगाच वर केली नव्हती. ते थांबले तेव्हा दहावा शब्द मीच माळ्यावरून म्हटला होता.